तारखांच्या मर्यादेत नोंदी शोधणे: शेवटचा दिवस का गळतो?

महाविद्यालयाच्या शुल्क भरण्याच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा निवडून अहवाल काढता येतो. समजा, लेखा विभागाने १ मार्च ते ३१ मार्च २०२४ चा अहवाल काढला. ३१ मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी दिवसभर भरणा झाला, पण अहवालात त्याची नोंद नाही. एररही आली नाही. बेरीज मात्र चुकली. असे का होते ते पाहू.

नेहमीची चूक

बहुतेक विद्यार्थी प्रथम पुढील क्वेरी लिहितात. (येथे वाचण्याच्या सोयीसाठी ती देवनागरीत दिली आहे, चालवताना रोमन लिपीत लिहावी.)

सिलेक्ट * फ्रॉम भरणा व्हेअर वेळ बिटवीन '२०२४-०३-०१' अँड '२०२४-०३-३१';

बिटवीन दोन्ही टोके धरते, हे खरे. परंतु 'वेळ' हा कॉलम डेटटाइम प्रकारचा आहे. नुसती तारीख दिली की डेटाबेस तिचा अर्थ त्या दिवसाचे ००:००:०० असा घेतो. त्यामुळे ३१ मार्चला सकाळी १०:१५ वाजता झालेला भरणा मर्यादेबाहेर जातो. कॉलम डेट प्रकारचा असता, तर हीच क्वेरी बरोबर ठरली असती.

दोन अपुरे उपाय

१) शेवटच्या तारखेला २३:५९:५९ जोडणे. सेकंदाचे अंश साठवले जात असतील, तर २३:५९:५९.५ ची नोंद तरीही गळते.

२) व्हेअरमध्ये डेट(वेळ) असे फंक्शन वापरणे. उत्तर बरोबर येते, पण 'वेळ' कॉलमवरील साधा इंडेक्स सहसा वापरला जात नाही आणि प्रत्येक नोंद तपासावी लागते. शंभर नोंदींत हे जाणवत नाही. लाखो नोंदींत अहवाल रखडतो.

योग्य पद्धत

सुरुवातीचे टोक धरावे, शेवटचे धरू नये. शेवट म्हणून पुढच्या दिवसाची सुरुवात घ्यावी.

सिलेक्ट * फ्रॉम भरणा व्हेअर वेळ >= '२०२४-०३-०१' अँड वेळ < '२०२४-०४-०१';

आता ३१ मार्चचा प्रत्येक क्षण अहवालात येतो आणि इंडेक्सही वापरता येतो. एप्रिलचा अहवाल '२०२४-०४-०१' पासूनच सुरू होईल. त्यामुळे एकही नोंद सुटत नाही, की दोनदा मोजली जात नाही.

ॲप्लिकेशनमध्ये वापरताना

- वापरकर्त्याला ३१ मार्चच निवडू द्यावी. एक दिवस मिळवण्याचे काम प्रोग्रॅमने करावे.
- तारखा जोडून क्वेरीची स्ट्रिंग बनवू नये. पॅरामीटर वापरावेत, अन्यथा एसक्यूएल इंजेक्शनचा धोका राहतो.
- तारीख मजकूर म्हणून साठवू नये. मजकुराच्या तुलनेत '०५/१२/२०२४' हे '३१/०३/२०२४' च्या आधी येते.
- वेळ यूटीसीत साठवली असेल, तर भारतीय वेळ ५ तास ३० मिनिटे पुढे आहे हे लक्षात ठेवावे. आपल्याकडील १ एप्रिलची सुरुवात म्हणजे यूटीसीनुसार ३१ मार्च, १८:३०. मर्यादा आधी यूटीसीत बदलावी, मग क्वेरीला द्यावी.

सराव

३१ मार्चला ००:००:००, १०:१५:०० आणि २३:५९:५९.५ अशा तीन नोंदी भरा. वरील चारही पद्धतींनी त्या शोधा आणि प्रत्येक वेळी किती नोंदी मिळाल्या ते लिहा.