पाव हरिकेन

एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची पाव केली, तर तिचे वजन किती होईल? आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक मुले 'पाव' असे उत्तर देतात. थोडा विचार करणारी 'सोळावा हिस्सा' म्हणतात. बरोबर उत्तर चौसष्टावा हिस्सा असे आहे, कारण तिन्ही बाजू चारने भागल्या की घनफळ ४ × ४ × ४ ने भागले जाते. पृष्ठफळ मात्र सोळानेच भागले जाते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असतात, हे याच नियमाने सांगितले होते.

हा नियम हाडांपेक्षा जास्त रंजकपणे जाणवतो तो विमानाच्या प्रतिकृतीत. उडणाऱ्या प्रतिकृतीला वजन असते, म्हणजे तिथे घनफळाचा संबंध येतो. तिला पंख असतात, म्हणजे तिथे क्षेत्रफळाचा संबंध येतो. या दोघांचे प्रमाण बिघडले की सगळेच बदलते. जुन्या लढाऊ विमानाची, बाजारातला संच न आणता कोऱ्या कागदापासून बांधलेली आणि रेडिओने उडवता येणारी मोठी प्रतिकृती हा जगभरातल्या हौशी लोकांचा आवडता उद्योग आहे. ही मंडळी 'मोठी'च प्रतिकृती का बांधतात, याचे उत्तरही या हिशेबातच दडलेले आहे.

उदाहरणासाठी हॉकर हरिकेन हे विमान घेऊ. सिडनी कॅम यांनी आरेखित केलेले हे ब्रिटिश लढाऊ विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. आपल्याला ते परके नाही. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन विमानेच उडवत होती. पाथर्डीच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा पाहायचा असेल, तर करंजीचा घाट चढून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, गाठले की पुरते. तिथले रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. पण हरिकेन पाहायचे तर थेट दिल्लीला, पालमच्या हवाई दल संग्रहालयात जावे लागते. मग ते गावातच बांधायचे ठरवले तर?

हौशी बांधणाऱ्यांमध्ये स्पिटफायर हे विमान जास्त लोकप्रिय आहे आणि दिसायलाही देखणे आहे. तरी पहिल्या मोठ्या प्रतिकृतीसाठी आम्ही हरिकेनच सुचवू. स्पिटफायरच्या चाकांचे पाय धडाजवळ बसवलेले असून ते बाहेरच्या बाजूला मिटतात. त्यामुळे जमिनीवर ते अरुंद पायांवर उभे राहते आणि चटकन कलंडते. हरिकेनचे पाय पंखात दूरवर बसवलेले असून आत मिटतात, म्हणून ते ऐसपैस उभे राहते. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. मूळ हरिकेनच्या धडाचा मागचा भाग म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी चौकटी, चौकटींवर आडव्या लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेले कापड. प्रतिकृतीही अशाच चौकटी, पट्ट्या आणि कापडाने बांधतात. कापडाखालून दिसणाऱ्या पट्ट्यांच्या रेषा इथे नक्कल म्हणून काढाव्या लागत नाहीत, त्या आपोआप येतात.

आता आकडे पाहू. हरिकेनच्या एका युद्धकालीन प्रकाराचा पंखविस्तार १२.१९ मीटर, लांबी ९.८४ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २३.९ चौरस मीटर आणि भरलेले वजन सुमारे ३,४८० किलो होते. पाव प्रमाणात पंखविस्तार ३.०५ मीटर होतो, म्हणजे मध्यम वर्गखोलीच्या निम्म्या रुंदीला पुरेल एवढा. पंखांचे क्षेत्रफळ जवळपास दीड चौरस मीटर आणि वजन, चौसष्टने भागून, सुमारे ५४ किलो येते.

दर चौरस मीटर पंखावर किती वजन येते, या आकड्याला आपण पंखभार म्हणू. मूळ विमानाचा पंखभार सुमारे १४६ किलो आहे. ५४ किलोच्या प्रतिकृतीचा पंखभार त्याच्या पाव, म्हणजे ३६ किलो. हवेने दिलेली उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पंखभार पाव झाला की किमान वेग निम्मा होतो. आकार पाव, पण वेग निम्मा! इथेच गोम आहे. मूळ विमान स्वतःच्या लांबीएवढे अंतर जेवढ्या वेळात कापते, त्याच्या निम्म्या वेळात ही प्रतिकृती आपली लांबी कापेल. बघणाऱ्याला ती घाईत असल्यासारखी वाटेल. जुन्या चित्रपटांत छोट्या बोटी आणि विमाने वापरून घेतलेली दृश्ये जास्त चित्रगतीने टिपून पडद्यावर संथ दाखवत, त्याचे कारण हेच.

मैदानात उभ्या असलेल्या माणसाला मात्र दृश्य संथ करून पाहता येत नाही. त्याला उड्डाण खरे वाटायचे असेल, तर वेगही पावच हवा. त्यासाठी पंखभार सोळावा हिस्सा, म्हणजे ९.१ किलो, आणि विमानाचे एकूण वजन साडेतेरा किलोच्या आसपास हवे. एवढे हलके बांधणे फार कठीण आहे. कसलेला कारागीर वीस किलोपर्यंत येतो. मग वेग आदर्शाच्या सव्वापटीपेक्षा थोडा कमीच राहतो आणि डोळा तेवढे चालवून घेतो.

आता हेच गणित एक मीटर पंखविस्ताराच्या, म्हणजे बाराव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीसाठी करू. पंख ०.१६६ चौरस मीटर. आदर्श पंखभार १४६ भागिले १४४, म्हणजे जेमतेम एक किलो. म्हणून विमानाचे वजन हवे सुमारे १७० ग्रॅम! मोटर, बॅटरी, चाके आणि रंग धरून ते आठशे ग्रॅमच्या आत आणणेही सोपे नाही. वजन पावणेपाचपट झाले की वेग दुपटीहून अधिक होतो. छोटी प्रतिकृती हवेत माशीसारखी भिरभिरते आणि मोठी प्रतिकृती 'विमानासारखी' उडते ती यामुळे.

मोठ्या आकाराचा आणखी एक फायदा आहे. हवा पंखाला किती चिकटून वाहते, हे पंखाची रुंदी, वेग आणि हवेची श्यानता यांच्या एका गुणोत्तरावर ठरते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांच्या १८८३ मधल्या कामामुळे या गुणोत्तराला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. मूळ हरिकेन उतरताना हा अंक पन्नास लाखांच्या घरात असतो, पाव प्रतिकृतीत साडेचार लाखांच्या आसपास आणि एक मीटरच्या प्रतिकृतीत लाखाच्याही खाली. लाखाच्या खाली हवेचा प्रवाह जाड पंखाच्या पाठीवरून लवकर सुटतो आणि उचल एकाएकी कोसळते. हरिकेनचा पंख तर मुळाशी आपल्या रुंदीच्या १९ टक्के जाड होता. म्हणून लहान प्रतिकृतीत पंखाचा छेद बदलून पातळ करावा लागतो. मोठ्या प्रतिकृतीत मूळ आकाराच्या बरेच जवळ राहता येते.

बांधणीची सुरुवात आराखड्यापासून होते आणि पहिला सापळाही तिथेच असतो. पुस्तकातले रेखाचित्र बहुधा बहात्तराव्या हिश्श्याचे असते. ते पावपर्यंत नेण्यासाठी अठरापट मोठे करावे लागते. अशा वेळी ०.३ मिलिमीटर जाडीची रेष साडेपाच मिलिमीटरची होते. मग माप रेषेच्या कोणत्या कडेवरून घ्यायचे? म्हणून अनुभवी माणूस छापील चित्र मोठे करत बसत नाही. प्रसिद्ध मोजमापांवरून आणि छायाचित्रांवरून तो नवे चित्र काढतो आणि प्रत्येक चौकटीचा छेद आलेखाच्या कागदावर तपासतो. भूमितीच्या शिक्षकांना इथे भरपूर काम आहे.

लाकूड म्हणून बाल्सा वापरतात. त्याचे एक घनमीटर साधारण दीडशे किलो भरते, सागाचे साडेसहाशेच्या आसपास. सगळीकडे बाल्साच वापरावे असे नाही. पंखाचा मुख्य कणा आणि चाकांची जागा यांना टणक लाकूड आणि चांगला प्लायवूडच हवा, कारण उतरतानाचा धक्का तिथेच बसतो. काही जण पंखाचा गाभा तापलेल्या नायक्रोम तारेने थर्माकोलमधून कापून काढतात आणि त्यावर पातळ फळी चिकटवतात. वरचे कापड पॉलिएस्टरचे असते, ते इस्त्रीच्या उष्णतेने आक्रसून ताठ बसते.

मोठी पंचाईत असते गुरुत्वमध्याची. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर यावा लागतो. मूळ विमानाच्या नाकात २७ लिटरचे, साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाचे मर्लिन इंजिन होते. चौसष्टने भागले तर ते दहा किलो होते. प्रतिकृतीतले ८० घनसेंटिमीटरच्या आसपासचे पेट्रोल इंजिन दोन-तीन किलोंचेच असते. म्हणजे नाक हलके पडते आणि शेपूट जड ठरते. गुरुत्वमध्यापासून शेपूट १६० सेंटिमीटरवर आणि नाकातली शिशाची जागा ६० सेंटिमीटरवर धरली, तर तरफेच्या नियमाने शेपटीतल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात पावणेतीन ग्रॅम शिसे घालावे लागते. शेपटीवर रंगाचा एक हात जादा दिला तरी त्याची किंमत अशी मोजावी लागते. मूळ हरिकेनचे नाक आखूड असल्याने ही अडचण आणखी वाढते.

रेडिओचा भाग आता सोपा झाला आहे. पूर्वी २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ठरावीक स्फटिक बसवून यंत्रे चालवत. मैदानावर दुसऱ्या कोणी त्याच वारंवारतेचे यंत्र सुरू केले की वरचे विमान खाली आलेच म्हणून समजा. आताची यंत्रे २.४ गिगाहर्ट्झवर सतत जागा बदलत बोलतात. विमानातल्या सर्व्हो मोटरला साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक स्पंद मिळतो. तो दीड मिलिसेकंदाचा असला की सुकाणू मध्यावर, एक किंवा दोन मिलिसेकंदांचा असला की एका किंवा दुसऱ्या टोकाला.

आता आपल्या भागातली एक गोष्ट. पाथर्डी समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तापमान ३८ अंशांवर असताना इथली हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ असते. तेवढ्याच उचलीसाठी वेग सात टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि जमिनीवरची धावही लांबते. शिवाय इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. दुपारी वावटळी उठतात. म्हणून उन्हाळ्यातले उड्डाण सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाभरात उरकावे. रब्बी निघालेल्या काळ्या रानात भेगा असतात, चाक अडकून विमान नाकावर जाते. मुरमाचे सपाट माळरान बरे.

आणि जागा निर्जन हवी. वीस किलोचे विमान ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ७,७०० ज्यूल असते. वीस किलोचे पोते ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजल्यांवरून, सोडल्यासारखे आहे हे. पुढे फिरता पंखा असतो तो वेगळाच. म्हणून याला खेळणे म्हणणे आम्हाला मान्य नाही. ड्रोन नियम, २०२१ अशा विमानांनाही लागू आहेत. दोन ते पंचवीस किलोंपर्यंतचे यान 'लहान' वर्गात मोडते. ते आणण्या-उडवण्यापूर्वी नोंदणीचे नियम पाहावेत, 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे याची खात्री करावी आणि ४०० फुटांची मर्यादा पाळावी. शाळेने मुलांना बांधू द्यावे, पण दांडी हातात घेणारा माणूस प्रौढ आणि शिकलेलाच असावा. छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृती हा विषय असतो. तिथल्या प्रशिक्षकांची ओळख काढणे उपयोगी पडेल.

घरच्या जागेत माणूस कुठवर जाऊ शकतो, याचे महाराष्ट्रातले उदाहरण प्रतिकृतीचे नसून खऱ्या विमानाचे आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ साली मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली.

एवढी ऐपत वा जागा नसलेल्या शाळेतही पंखभाराचा नियम एका तासिकेत पडताळता येतो. जाड कागदाचे, वीस सेंटिमीटर पंखविस्ताराचे साधे घसरविमान कापावे आणि नाकाला एक टाचणी लावावी. त्याच कागदातून सर्व मापे दुप्पट करून दुसरे कापावे. त्याला चार टाचण्या लागतील. तिसरे दुसऱ्याएवढेच, पण तोच कागद दुहेरी चिकटवून करावे आणि त्याला आठ टाचण्या लावाव्यात. चिकटवताना खळ अगदी कमी वापरावी, नाहीतर वजन वाढते. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या चौपट आणि क्षेत्रफळही चौपट, म्हणून दोघांचा वेग जवळपास सारखा यायला हवा. तिसऱ्याचे वजन आठपट असल्याने त्याचा वेग १.४ पट यावा. बंद व्हरांड्यात दहा मीटरवर खडूच्या दोन रेघा ओढून, प्रत्येक विमान दहा वेळा सोडून वेळ मोजावी आणि सरासरी काढावी. प्रत्येक विमान स्वतःच्या घसरणीच्या वेगानेच सोडले गेले पाहिजे. जोरात फेकले की पहिल्या दोन-तीन मीटरचे मोजमाप फुकट जाते, म्हणून पहिली रेघ सोडणाऱ्यापासून तीन मीटर पुढे ओढावी.