शितावरून भाताची परीक्षा

तमिळनाडूतील कुंभकोणम् हे गाव कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेले आहे. एके काळी तंजावरच्या भोसले राजांच्या अमलाखाली असलेला हा मुलूख. येथे पावसाचा खरा जोर दिवाळीच्या सुमारास असतो. तरीही आषाढ-श्रावणात, म्हणजे तमिळ पंचांगातील आडी महिन्यात, नदीला पाणी चढते. घाटावर उभा राहून हे गढूळ पाणी पाहणारा मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला, “वर कोडगूच्या डोंगरांत पाऊस झाला.” तो पाऊस त्याने पाहिलेला नसे. जे दिसले त्यावरून जे दिसत नाही ते त्याने जाणले. यालाच अनुमान म्हणतात.

नदीचा पूर हे उदाहरण आपल्या तर्कशास्त्राइतकेच जुने आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांतच त्यावर एक आक्षेप घेतलेला आढळतो. पाणी वाढले की पाऊस झाला असे म्हणावे, तर नदीला कोठे बांध घातला असला तरीही पाणी वाढतेच. मग अनुमानावर भरवसा कसा ठेवावा? या आक्षेपाला कुंभकोणमच्या घाटावर प्रत्यक्ष रूप आले ते १९३४ साली. त्या वर्षी वरच्या अंगाला मेत्तूरचे धरण पुरे झाले. पाणी चढले की आता पहिली शंका येते ती धरणाचे दरवाजे उघडल्याची; पावसाची शंका त्यानंतर. नदी तीच, घाट तोच. पण निष्कर्ष मात्र पूर्वीचा राहिला नाही.

न्यायशास्त्राने या आक्षेपापुढे हार मानली नाही. चूक अनुमानाची नव्हे, ती अपुऱ्या हेतूची आहे, असे उत्तर त्याने दिले. नुसते वाढलेले पाणी पुरेसे नाही. भाष्यकार वात्स्यायन सांगतो की प्रवाहाचा वेग, फेस, वाहत आलेली फळे, पाने आणि लाकडे ही सारी पाहूनच पावसाचे अनुमान करावे. लक्षण जितके नेमके, तितका निष्कर्ष बळकट.

परंतु लक्षण कितीही नेमके असले, तरी त्याचा साध्याशी असलेला संबंध अभंग आहे की नाही हे पाहावेच लागते. या अभंग संबंधाला व्याप्ती असे नाव आहे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती होय. मात्र हेच वाक्य उलटे फिरवून जेथे अग्नी तेथे धूर असे म्हटले, तर लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ते खोटे पाडतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. कारण धूर निघतो तो ओल्या लाकडामुळे. न बोलता मध्ये येऊन बसलेल्या अशा अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या चुलीत शंभर वेळा अग्नीबरोबर धूर पाहिला, तरी ही अट डोळ्यांस दिसत नाही.

येथे एक सहज प्रश्न उभा राहतो. किती वेळा पाहिले म्हणजे पुरे? आपल्या घरांतून शितावरून भाताची परीक्षा होते. तेथे तर एकच शीत पुरते. ते पुरते याचे कारण उघड आहे. सारे तांदूळ एकाच भांड्यात, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेले असतात. म्हणजे निष्कर्षाचे बळ शितांच्या संख्येत नसून भांडे एक असल्याच्या ज्ञानात आहे. भांडी निराळी असतील, तर मूठभर शिते चाचपूनही पलीकडच्या भांड्याबद्दल काही सांगता येणार नाही.

या भेदाचे एक विलक्षण उदाहरण कुंभकोणमच्याच एका सुपुत्राच्या कार्यात सापडते. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली ईरोड येथे झाला. पण त्यांचे बालपण आणि शिक्षण कुंभकोणम् येथे, सारंगपाणी मंदिरासमोरच्या गल्लीत राहून झाले. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणिते करीत, कोपराने पाटी पुशीत आणि निघालेले उत्तर तेवढे वहीत उतरवीत. निष्कर्ष उरत, त्यांच्याकडे नेणारी वाट पुसली जाई. १९१३ साली केंब्रिजचे गणिती हार्डी यांना त्यांनी पत्र लिहिले, तेव्हा हार्डींनी आग्रहाने मागितली ती हीच वाट, म्हणजे सिद्धता.

पुढे रामानुजन यांनी संख्यांच्या विभाजनांचा अभ्यास केला. ४ ही संख्या पाच प्रकारांनी मांडता येते: ४; ३ व १; २ व २; २, १ व १; आणि चार वेळा १. मॅकमॅहन या गणितज्ञाने अशा प्रकारांचे २०० पर्यंतचे कोष्टक तयार केले होते. त्यात ४ चे प्रकार ५, ९ चे ३०, १४ चे १३५ आणि १९ चे ४९०. प्रत्येक आकड्याला पाचाने निःशेष भाग जातो! रामानुजन यांनी हे केवळ पाहिले नाही, तर सिद्धही केले. सातासंबंधीचा असाच नियम त्यांनी सिद्ध केला. मग त्यांची दृष्टी पुढे धावली. २४ चे प्रकार १५७५; त्यांना पंचवीसने भाग जातो. ४७ चे प्रकार १,२४,७५४. त्यांना एकोणपन्नासने भाग जातो. यावरून ५, ७ आणि ११ यांच्या सर्व घातांसाठी एक व्यापक नियम त्यांनी १९१९ साली मांडला. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सातांच्या मालिकेतील पुढची पायरी ३४३ ची. तिची पहिली कसोटी २४३ या संख्येशी होती, आणि कोष्टक तर २०० वरच संपले होते. हंसराज गुप्ता यांनी ते ३०० पर्यंत वाढवले. १९३४ साली सर्वदमन चावला यांनी त्यात दाखवून दिले की २४३ च्या प्रकारांना एकोणपन्नासने भाग जातो, पण ३४३ ने जात नाही. नियम मोडला.

परंतु कथा येथे संपत नाही. १९३८ साली वॉटसन यांनी पाचाचा नियम जसाच्या तसा सिद्ध केला आणि साताचा नियम दुरुस्त करून सिद्ध केला. अकराचा नियम १९६७ साली ॲटकिन यांनी सिद्ध केला. ५, ७ आणि ११ एकाच भांड्यातले भासले होते. साताची आच थोडी निराळी निघाली.

यावरून रामानुजन यांची थोरवी तिळमात्र उणी होत नाही. त्यांनी तर्क केला नसता, तर वॉटसन आणि ॲटकिन यांना सिद्ध करण्यासारखे काय होते? पाहिलेल्यावरून पुढे झेप घेतल्यावाचून नवे ज्ञान हाती लागत नाही, आणि झेप तपासल्यावाचून त्याला ज्ञान म्हणता येत नाही. एका गावच्या एका माणसाने फसवले म्हणून सारे गाव लबाड ठरवणारा मनुष्यही झेपच घेत असतो. फक्त भांडे एक आहे काय, हे तो विचारीत नाही. विचार करणे म्हणजे निष्कर्ष काढण्याचे थांबवणे नव्हे. काढलेला निष्कर्ष कोणत्या अटीवर उभा आहे हे शोधणे, आणि ती अट ढळली की तो सोडण्याची तयारी ठेवणे, हाच विचार होय. घाटावरच्या माणसाने पाणी पाहून पाऊस झाला असे खुशाल म्हणावे. पण प्रवाहातून पाने आणि लाकडे वाहत येत आहेत काय, तेही एकदा पाहून घ्यावे.