उष्णतेचा ताण आणि लहान प्रतिकृती

अलिबागेजवळील थळ येथें राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीचा खतकारखाना इ. स. १९८५ पासून चालू आहे. अमोनिया तयार करतांना कांहीं नळ कित्येक शें अंश तापतात. उलट, साध्या दाबाखालीं तो द्रवरूप राखावयाचा तर शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. अशा कारखान्यांत तापणारे लांब नळ मधून मधून चौकोनी वळसे देऊन नेतात. हे वळसे निरर्थक नव्हेत.

१०० मीटर लांबीचा पोलादी नळ ५० अंशांनीं तापला तर सुमारें ६ सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोकें जखडून ही वाढ रोखल्यास नळांत दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १२०० किलोग्रॅम जोर सांठतो. यासच उष्णताजन्य ताण म्हणतात. वळसा असला म्हणजे नळ तेथें किंचित् वांकतो व ताण हलका होतो. अमोनिया विषारी आहे. नळास तडा गेला तर कामगारांच्या व शेजारच्या वस्तीच्या जिवाशीं गांठ पडते.

वळसा पुरेसा आहे कीं नाहीं हें आधीं कसें कळावें? आज हें गणित संगणक करतो. पूर्वीं अभियंते तारेची किंवा बारीक नळीची प्रतिकृती करीत, वाढीच्या प्रमाणांत तिचें टोक सरकवीत आणि टोकांवर येणारा जोर मोजीत. ती तापविण्याची गरजच नसे. कारण ताण उत्पन्न होतो तो रोखलेल्या वाढीमुळें.

जेथें उष्णता आंत कशी शिरते हेंच पाहावयाचें, उदाहरणार्थ कांक्रीटच्या जाड भिंतींत, तेथें मात्र प्रतिकृती तापवावी लागते, आणि तेथें वेळेचा हिशेब बदलतो. उष्णता शिरण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. त्याच द्रव्याची एकदशांश प्रतिकृती १०० पट लवकर तापते; दिवसरात्रीचे २४ तास तिच्या लेखीं केवळ १४ मिनिटें २४ सेकंद होत. हें विसरून प्रतिकृती सावकाश तापविली तर ती आंतबाहेर सारखीच तापेल, आणि खऱ्या भिंतीस तडा पाडणारा ताण तींत दिसणारच नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं जाड तारेचे दोन आंखूड तुकडे घ्यावे. एक सरळ ठेवावा, दुसऱ्यास मध्यें चौकोनी वळसा द्यावा, आणि दोन्ही टोकांकडून दाबून पाहावे. सरळ तुकडा किती अडून बसतो व वळशाचा किती सहज नमतो, हें बोटांसच कळेल. प्रतिकृती लहान असली तरी खरें सांगते. मात्र मोठ्या वस्तूशीं तिचें काय जुळतें व काय जुळत नाहीं, हें पाहणाऱ्यास ठाऊक पाहिजे, असें आम्हांस वाटतें.