आजीच्या तोंडचे शब्द जपायला हवेत!

बेंगळूरच्या उत्तरेला असलेले देवनहळ्ळी पूर्वी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक, टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून, आणि दुसरे, तिथल्या रसाळ चक्कोत्यासाठी. चक्कोता म्हणजे आपले पपनस. २००८ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि आसपास नव्या वसाहती उभ्या राहिल्या. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही या भागात स्थिरावली.

परक्या मुलखात राहायचे, तर तिथली भाषा यायलाच हवी. बाजारात चक्कोता मागावा लागतो, रिक्षावाल्याला 'स्वल्प' थांबायला सांगावे लागते. मुले तर शाळेतून चार भाषा शिकून येतात. अडचण वेगळीच असते. सुट्टीत गावाहून आलेली आजी म्हणते, "वैलावर दूध ठेव," किंवा "ओगराळं आण," आणि नातवंडे एकमेकांकडे पाहू लागतात. आईलाही चटकन सांगता येत नाही, की वैल म्हणजे चुलीशेजारची दुसरी, मंद आचेची जागा आणि ओगराळे म्हणजे आमटी वाढायचा खोलगट डाव. चूल गेली, तिच्यामागोमाग वैल गेला. उतरंड, शिंकाळे, वेळणी हे शब्दही त्याच वाटेवर आहेत.

साडेतीनशे वर्षांहून जुनी शिदोरी

मराठी माणूस बेंगळूरला काल-परवा आलेला नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात अनेक भाषांतील रचनांना जागा दिली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. तिथले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले.

राज्य गेले, पण तिथे गेलेल्या घराण्यांची मराठी गेली नाही. तमिळ शेजाराच्या मध्यभागी ती घरातल्या घरात बोलली गेली. तिच्यात जुनी वळणे राहिली आणि तमिळ शब्दही मिसळले. त्यांच्या स्वयंपाकघरातली 'डांगर पच्चडी' पाहा. डांगर आपले, उडदाच्या पिठाचे, आणि पच्चडी दक्षिणेची. या दोन शब्दांत एका समाजाचा सगळा प्रवास आला आहे.

देवघेव जुनीच

शब्दांची सरमिसळ झाली म्हणजे भाषा बिघडली, असे समजण्याचे कारण नाही. आपण ज्याला अस्सल मराठी म्हणतो, त्यातही कानडीचा वाटा मोठा आहे. आपले तूप कानडीत तुप्प, गाडगे म्हणजे गडिगे आणि उडीद म्हणजे उद्दु. कानडीत अडिके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. त्यांच्या अडकत्तरीशी आपल्या अडकित्त्याचे नाते सांगावे लागत नाही. अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरचे. कोशिंबीर तिकडे कोसंबरी होऊन पानात बसते. संतांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटले, ते उगीच नव्हे.

तेव्हा मुलाने मराठीत चार कानडी शब्द मिसळले, तर काळजी नको. काळजी करायची ती घरचे शब्द मुळीच न उरण्याची.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. इटलीच्या सिसिली बेटावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर लाखो लोक अमेरिकेला गेले. नातवंडांच्या पिढीत बोली मागे पडली. पण जेवणाची, लाडाची आणि रागावण्याची चार नावे अनेक घरांत उरली. कोणत्याही बोलीचे शेवटचे घर स्वयंपाकघरच असते.

आज काय करता येईल?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु आपल्या आजीचा शब्द सरकार जपू शकणार नाही. तिने एखाद्या पदार्थाला, दुखण्याला किंवा हट्टी नातवाला दिलेले नाव कोशात सापडेलच असे नाही. ते फक्त तिच्याजवळ आहे.

त्यासाठी फार खटाटोप नको. घरात एक वही ठेवा. शब्द ऐकला, की तो उच्चारतात तसाच लिहा, शुद्ध करू नका. शेजारी अर्थ लिहा, कोणी आणि कोणत्या प्रसंगी म्हटला तेही लिहा. वस्तू असेल, तर मुलांना तिचे चित्र काढू द्या. आजी गावी असेल, तर फोनवर नुसती खुशाली न विचारता एखादी पाककृती तिच्याच शब्दांत सांगायला लावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.

मग ते शब्द वापरायला घ्या. वहीत बंद राहिलेला शब्द लोणच्याच्या रिकाम्या बरणीसारखा. गॅसच्या लहान शेगडीलाच 'वैल' म्हणायला काय हरकत आहे? आठ दिवसांत मुलेही म्हणू लागतील. आजीला आपले बोलणे पुन्हा कोणाला तरी कळते आहे, याचे समाधान मिळेल, आणि तिच्या पश्चातही तो शब्द घरात रोज ऐकू येईल.