होम थिएटर : वॅटचा आकडा वाचण्याआधी स्पीकर वाचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत होम थिएटरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो – "किती वॅटचा आहे?" दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते. खोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत जे छापलेले असते ते तो वाचून दाखवतो. पाच हजार वॅट, दहा हजार वॅट. सौदा होतो आणि दोन-तीन महिन्यांत तोच सेट ट्वीटर जळून किंवा अ‍ॅम्प्लिफायर बसून पुन्हा काउंटरवर येतो. गिऱ्हाईक म्हणते माल खराब होता, दुकानदार म्हणतो तुम्ही आवाज फार वाढवलात. थोडेथोडे दोघांचेही खरे असते. पण चूक झालेली असते ती खरेदीच्या दिवशी, वॅटचा आकडा धरून निवड केली तेव्हा.

आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण या धंद्याशी कुठल्या ना कुठल्या बाजूने जोडलेले आहेत. कोणी तयार सेट विकतो, कोणी बोर्ड जोडून अ‍ॅम्प्लिफायर बनवतो, कोणी दुरुस्ती करतो, कोणी फर्निचरच्या कामात स्पीकरची खोकी करून देतो. जळालेला सेट परत आला की नुकसान यांच्याच पदरी पडते. खोके छापणारा लांब राहतो. म्हणून या आकड्यांमागचा हिशेब प्रत्येकाने एकदा समजून घ्यावा. तो शाळेतल्या गणितापलीकडचा नाही.

पीएमपीओ म्हणजे काय?

खोक्यावर वॅटच्या पुढे बहुधा बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' असे लिहिलेले असते. क्षणाच्या एखाद्या भागात, कल्पनेतल्या परिस्थितीत किती जोर निघू शकेल याचा हा आकडा. तो कसा मोजायचा याचे सर्वमान्य असे कोणतेही माप नाही. ज्याला जो गुणाकार सोयीचा तो त्याने करावा. अमेरिकेत असल्याच आकड्यांना आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला आणि अ‍ॅम्प्लिफायर सतत किती वॅट देतो तेच जाहिरातीत सांगणे बंधनकारक केले. २०२४ मध्ये तो नियम सुधारून अधिक कडक करण्यात आला.

पाच हजार वॅट खोटे आहेत हे ओळखायला कसलेही यंत्र लागत नाही. सेटची पिन कोणत्या सॉकेटमध्ये जाते ते पाहावे. घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधून २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅटच्या वर वीज घेताच येत नाही. मग पाच हजार येणार कुठून? त्याहून सोपी खूण म्हणजे सेट उलटा करून मागची चिठ्ठी वाचणे. समोर ५००० छापलेल्या सेटच्या मागे विजेचा खप ६० वॅट लिहिलेला सापडतो. खरा आकडा तोच, आणि तोही आत जाणाऱ्या विजेचा. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यातला निम्मा-साठ टक्के स्पीकरपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. नव्या 'क्लास डी' बोर्डांत ऐंशी-नव्वद टक्के पोचतो. म्हणजे पाचही स्पीकर आणि सबवूफर मिळून सतत मिळणार ते तीस ते पन्नास वॅट. साउंडबार घेतानाही हीच परीक्षा लावावी.

'आरएमएस' लिहिले म्हणजे सगळे शुद्ध झाले असेही समजू नये. किती ओहमवर, एका वेळी किती चॅनेल चालवून आणि किती टक्के विकृती धरून, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. "८ ओहम, दोन चॅनेल, ०.०८ टक्के" असे लिहून ८० वॅट सांगणारा रिसीव्हर "६ ओहम, एक चॅनेल, १० टक्के" लिहून १५० सांगणाऱ्याच्या मागे नसतो, पुष्कळदा यंत्र एकच असते, मोजमाप वेगळे.

आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर

आपल्याकडे निवडीचा क्रम उलटा चालतो. आधी अ‍ॅम्प्लिफायर, मग उरलेल्या पैशांत स्पीकर. खरे तर आवाज किती मोठा होईल हे ठरवण्यात स्पीकरचा वाटा फार मोठा. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. घरगुती स्पीकरांत तो साधारण ८५ ते ९१ च्या दरम्यान असतो. सहाचा फरक किरकोळ वाटतो, पण दर तीन डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते. म्हणजे ९१ चा स्पीकर २५ वॅटवर जेवढा वाजेल तेवढाच ८५ चा स्पीकर वाजवायला १०० वॅट लागतील. गिऱ्हाइकाने महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मंद स्पीकर जोडला तर पैसा उष्णतेत गेला म्हणावे.

आता खोलीचा हिशेब. दहा बाय बारा फुटांची बैठकीची खोली, माणूस स्पीकरपासून अडीच मीटरवर बसलेला, स्पीकर ८८ डेसिबलचा. एवढ्या अंतराने सुमारे ८ डेसिबल कमी होतात. भिंती थोडे परत देतात, ते सोडून देऊ. उरले ८०, आणि तेही एका वॅटवर. १० वॅटला ९०, १०० वॅटला १००. घरात सिनेमातले संवाद ६५-७० डेसिबलवर लावले तरी पुरेसे मोठे वाटतात आणि स्फोट, गडगडाट त्याच्या वर पंधरा-वीस डेसिबलपर्यंत जातात. म्हणजे कडेलोटाच्या क्षणी लागले दहा वॅट. हात राखून ४०-५० प्रामाणिक वॅट घेतले की अशा खोलीचे काम उत्तम होते. याहून जास्त विकायचे असेल तर आधी खोली मोठी आहे का ते विचारावे.

बोर्ड जोडणाऱ्या कारागिरांसाठी एक सूत्र. पुरवठ्याच्या व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमच्या दुपटीने भागले की जास्तीत जास्त किती वॅट निघतील ते कळते. टीपीए ३११६ चा बोर्ड '५० अधिक ५०' म्हणून बाजारात मिळतो. पण त्याला बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला तर १४४ भागिले ८, म्हणजे ४ ओहमवर १८ वॅट, आणि ८ ओहमच्या स्पीकरवर ९. तेही कागदावर, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. बोर्ड खोटा नाही, पण पन्नास वॅट हवे असतील तर त्याला एकवीस व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर दिला पाहिजे. तसेच टीडीए ७२९४ चे. '१०० वॅट आयसी' हे तिचे बाजारातले नाव, पण बनवणाऱ्याच्याच माहितीपत्रात सतत मिळणारी ताकद ७० वॅट दिलेली आहे. अधिक-उणे पुरवठ्याच्या अशा अ‍ॅम्प्लिफायरला एका बाजूचे व्होल्ट धरून तेच सूत्र लावावे. गिऱ्हाइकाला बिलावर लिहून देताना हा हिशेब केलेला बरा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा त्यात स्वतंत्र विषय आहे.

ओहमकडे दुर्लक्ष हे जळण्याचे दुसरे मोठे कारण. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि अ‍ॅम्प्लिफायरवर दुप्पट भार येतो. तयार सेटमधले छोटे स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, कारण ते त्याच सेटच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी बनवलेले असतात. जुना सेट बिघडला म्हणून ते काढून '६ ते १६ ओहम' लिहिलेल्या रिसीव्हरला जोडले तर रिसीव्हर तापतो, बंद पडतो, कधी कायमचा जातो. दुरुस्तीवाल्याकडे येणाऱ्या कामात अशी प्रकरणे कमी नाहीत.

छोटा अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षित आणि मोठा धोक्याचा, अशीही एक समजूत आहे. वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे वाढवला की लाटेचे शेंडे कापले जातात. आवाज फाटतो, आणि त्या कापलेल्या आवाजात वरच्या सुरांचा भाग वाढतो. तो सगळा ट्वीटरवर जातो. ट्वीटरची कॉइल केसासारखी बारीक. ती थोडेच वॅट सोसते. म्हणून १०० वॅट लिहिलेल्या स्पीकरचा ट्वीटर २० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जळतो आणि दुकानदाराला गिऱ्हाइकावर विश्वास ठेवणे कठीण जाते. आवाज फाटला की मागे घ्या, एवढी एक सूचना सेट देताना तोंडी सांगितली तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

संवाद ऐकू येत नाहीत

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. गाणी छान, मारामारी छान, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही. पाच स्पीकर अधिक एक सबवूफर अशा ५.१ रचनेत बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात आणि स्वस्त सेटमध्ये सर्वांत दुबळा तोच असतो. पैसा वाटायचा असेल तर मधला आणि डावा-उजवा या तिघांवर जास्त घालावा, तिघे एकाच घराण्यातले घ्यावेत, आणि मागचे दोन साधे चालतात. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात खोल ढकलू नये. कपाटाच्या तोंडाशी आणून कानाकडे थोडा तिरपा करावा. डावा आणि उजवा बसणाऱ्याच्या नाकाच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, मागचे खांद्याच्या किंचित मागे.

बजेट पंधरा-वीस हजारांचे असेल तर माझे स्पष्ट मत असे की पाच वाईट स्पीकरांपेक्षा दोन चांगले स्पीकर आणि एक चांगला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर द्यावा. सेट पुढे वाढवता येतो. छतावरून आवाज देणारी अ‍ॅटमॉस पद्धत २०१२ साली चित्रपटगृहांत आणि २०१४ साली घरांत आली. दहा बाय बाराच्या खोलीत तिचा विचार खालचे पाच नीट बसल्यावरच करावा.

खोलीचा एक दोष मात्र कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरने जात नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खालचे सूर साठतात. दहा फुटांना तो सूर सुमारे ५६ हर्ट्झचा. खोली दहा बाय दहा आणि छतही दहा फुटांवर असेल, जुन्या इमारतींत असतेच, तर तिन्ही दिशांना एकच सूर साठतो आणि सबवूफर नुसता घुमतो. गिऱ्हाईक म्हणते सबवूफर वाईट. तो कोपऱ्यातून हलवावा. एक जुनी युक्ती आहे : सबवूफर बसायच्या जागेवर ठेवून खालच्या सुरांचे गाणे लावावे आणि आपण भिंतीलगत वाकून फिरावे. जिथे आवाज स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवावा. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून जागा बदलली तरी बिघडत नाही. खाली जाड रबर घालावे. शेजाऱ्याच्या भिंतीतून जातो तो हाच सूर. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

खोके करणाऱ्या सुतारासाठी

स्पीकरचे खोके म्हणजे शोभेची पेटी नव्हे. आतली हवा वूफरला स्प्रिंगसारखी काम देते, म्हणून किती लिटर हवा हे वूफरच ठरवतो. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात हा हिशेब बांधून दिला. आजही चांगल्या वूफरबरोबर 'थील-स्मॉल' आकड्यांचा कागद येतो. तो कागद मागून घ्यावा. कागद नसलेल्या वूफरला अंदाजाने खोके करून देण्याची जबाबदारी अंगावर घेऊ नये.

नेहमीची चूक बाहेरच्या मापाची. ३० बाय ३५ बाय २८ सेंटीमीटरचे खोके बाहेरून २९ लिटरचे भरते. पण १८ मिलिमीटरचा बोर्ड वापरला की आत उरतात जेमतेम २० लिटर, आणि त्यातून वूफरचे चुंबक आणि आतल्या पट्ट्यांची जागा वजा जाते. एक तृतीयांश हवा गायब! माप नेहमी आतून धरावे. १८ मिलिमीटरचे एमडीएफ किंवा चांगले प्लायवूड, सांध्यांना भरपूर सरस, मोठ्या फळीला आतून आडवी पट्टी. बंद खोके हवाबंद झाले की नाही हे पाहायला वूफर हळूच आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर काम झाले. चटकन उसळला तर कुठेतरी फट आहे.

वायर साधी तांब्याची पुरते. दहा मीटर लांबीला १.५ चौरस मिलिमीटरची वायर जाता-येता सुमारे पाव ओहम रोध देते. ८ ओहमच्या स्पीकरला ते चालते, ४ ओहमला २.५ ची घालावी. सोन्याच्या मुलाम्याच्या जाड वायरीवर गिऱ्हाइकाचे पैसे घालण्यापेक्षा तेच मधल्या स्पीकरवर घालावेत.

आणि सेट सोपवण्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी. अ‍ॅम्प्लिफायरकडची टोके सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरच्या वायरीला क्षणभर टेकवावा, सेलचे अधिक टोक लाल वायरीला. कोन बाहेर आला तर जोडणी सरळ, आत गेला तर उलटी. सर्व स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक जरी उलटा जोडला गेला तरी खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि "बास नाही" म्हणून सेट परत येतो.