दिंडीच्या ट्रकातली चार फूट जागा

जेठ महिना लागला की आमच्या द्वारका चौकात ट्रकांची वेगळीच लगबग दिसते. एरवी या चौकातून कांदा जातो, द्राक्षं जातात, मुंबई-आग्रा महामार्गाचा सगळा माल जातो. पण जेठात मधूनच एखादा ट्रक दिसतो, ज्याच्या हौद्यात राहुट्या, मोठी पातेली, ताडपत्र्या आणि वळकट्यांचा डोंगर असतो. हा दिंडीचा ट्रक. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, ती नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा असं करत आषाढीला पंढरपुरी पोहोचते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस. तेवढे दिवस हा ट्रक म्हणजे दिंडीचं घर, कोठार आणि मुदपाकखाना.

मैत्रिणींनो, या घरात बायकांसाठी जागा कुठे असते, ते कधी पाहिलंत? नसतेच. दिंडीत निम्म्याहून जास्त बायका असल्या तरी ट्रक भरतात पुरुष. मुक्कामावर पुरुषमंडळी विहिरीवर, हापशावर आंघोळ उरकतात, धोतर वाळत घालतात, झालं. बाईने ओलं लुगडं बदलायचं कुठे? दोघीतिघींनी पातळाचा आडोसा धरायचा आणि चौथीने पटकन उरकायचं. पावसाने झोडपलं की आडोसा धरणारीही भिजते. पाळी आलेली मुलगी तर कुणाला सांगतही नाही. आरोग्य शिबिरात बसलं की हमखास एक गोष्ट कळते. जायची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी पितात. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर. औषध देता येतं हो, पण दुखणं तर आडोशाचं आहे.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, घोडे नेण्याच्या मोठ्या गाड्या असतात. मागच्या भागात घोडे उभे राहतात आणि पुढे माणसांची खोली असते. पलंग, ओटा, कपाट, न्हाणी सगळं. पुष्कळ लोक रिकामी गाडी घेऊन आतली सगळी सजावट सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने करतात. आपल्याकडचा प्रकार उलटाच म्हणायचा! माउलींच्या पालखीसाठी अंकलीहून निघणारे मानाचे अश्व आळंदीपर्यंत चालत येतात आणि गाडीची गरज असते ती माणसांना. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे पलंग-स्वयंपाकघर असलेल्या फिरत्या गाड्या. पण ते पर्यटकांसाठी. भाड्याच्या ट्रकात महिनाभर राहणाऱ्या बायकांची खोली बायकांनाच करावी लागते, आणि ती करता येते.

आमच्या ओळखीच्या एका दिंडीतल्या सहा जणींनी ती केली. मी मापाला, खरेदीला आणि भांडणाला त्यांच्याबरोबर होते. भांडण यासाठी की, खोलीला चार फूट जागा हवी म्हटल्यावर दिंडीतले एक काका म्हणाले, "ताई, तेवढ्यात पन्नास वळकट्या बसतात. त्या काय डोक्यावर घ्यायच्या?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुढे बाकाच्या पोटात सापडलं.

सुरुवात सुताराकडे न जाता गच्चीवर झाली. ट्रकचा हौदा आतून मोजला आणि तेवढाच चौकोन खडूने गच्चीवर आखला. मग एकेकीने त्यात झोपून पाहिलं, उभं राहून पदर खोचून पाहिला. एक आजी म्हणाल्या, "एवढ्या उंच बाकावर माझा गुडघा चढायचा नाही." बाकाची उंची तिथल्या तिथे दीड फुटावर आली. कागदावरच्या नकाशात हा गुडघा दिसला नसता. केबिनला लागून ट्रकच्या पूर्ण रुंदीची चार फूट जागा ठरली. त्यात सव्वादोन फुटी बाक आडवा, म्हणजे एक जण पाय लांब करून निजू शकते, आणि बाकी जागा उभं राहायला. सामानातून तिथपर्यंत जायला एका कडेने दीड फुटाची वाट सोडली. ही वाट सामान भरणाऱ्यांना दररोज बजावून सांगावी लागते, नाहीतर दुसऱ्याच दिवशी तिथे पातेली येतात.

ट्रक भाड्याचा. मालकाची एकच अट, खिळा मारायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही. ही अट फायद्याचीच ठरली. दुकानातल्या मांडण्यांना असतात ते भोकांचे लोखंडी अँगल घेतले. ते हवे तसे नटबोल्टने जोडता येतात, सोडता येतात. सांगाडा हौद्याच्या दोन्ही भिंतींत घट्ट बसेल एवढा केला, वर लाकडी पाचरी मारल्या आणि दोराने आवळला. अँगल पत्र्यावर घासून रात्रंदिवस खडखडू नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे घातले. असे तुकडे टायरवाल्याकडे मागितले तर मिळतात. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. धक्क्यांनी नट सैल होतात. त्यामुळे प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वायसर घालायचा आणि दर दोन-तीन मुक्कामांनी पाना फिरवायचा. पाना फिरवायला मुलींना लावा, आवडीने करतात.

प्लायबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच पैसे वाया जातात. स्वस्तातला साधा प्लाय पावसाच्या पहिल्या झोडीत फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात. पाण्याला टिकणारा, आयएस ७१० असा शिक्का असलेला प्लाय महाग पडतो, पण तोच घ्यावा. वापरलेला चांगला तुकडा मिळाला तर उत्तमच. तो कापल्यावर कडा उघड्या राहतात आणि पाणी शिरतं ते कडेतूनच. म्हणून पृष्ठभागाला एक हात रंग लावा, पण कडांना दोन-तीन हात लावा. बसायच्या फळीला १९ मिलिमीटर जाडी हवी. बाजूंना १२ मिलिमीटर पुरते. सगळीकडे जाड प्लाय लावायचा मोह होतो, पण आठ बाय चारचा १९ मिलिमीटरचा एक पत्रा तीस-पस्तीस किलो भरतो. ट्रकला ते काही नाही, पण तो चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या आपणच!

आता काकांच्या वळकट्या. बाक पोकळ ठेवला, वरची फळी बिजागरीवर. एका कप्प्यात औषधं आणि कोरडे कपडे, दुसऱ्यात सॅनिटरी पॅड, जुनी वर्तमानपत्रं आणि झाकणाची बादली, उरलेल्या मोठ्या कप्प्यात वळकट्या. नुसता ढीग केला की वरची काढताना खालच्या ओल्या होतात, इथे सगळ्या कोरड्या राहिल्या. काकांनी स्वतःची वळकटी तिथेच ठेवायला दिली, तेव्हा वाद मिटला.

गादीसाठी कुशनवाल्याकडून फोमवर रेक्झिन शिवून घेतलं. पुसता येतं हा त्याचा गुण आणि उकाड्यात चिकटतं हा दोष. वर सुती चादर अंथरायची. छतासाठी थर्माकोल लावावा असं कुणीतरी सुचवलं होतं, पण तो भराभर पेटतो, म्हणून नको म्हटलं. ताडपत्रीखाली कमानींना एक जुनी जाड चादर ताणून बांधली, दोन्हींमध्ये चार बोटं मोकळी जागा. ताडपत्री तापली तरी तो ताप थेट डोक्यावर येत नाही आणि फटीतून वारा खेळतो.

पडद्यावर मात्र सगळ्यात जास्त डोकं चाललं. कापड गडद आणि दुहेरी हवं. वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या दुमडीत वाळू भरून शिवली, घरच्या मशीनवर. रात्री पाहिलं तर वेगळीच अडचण. दिवा केबिनच्या बाजूला टांगला होता. आतली बाई दिवा आणि पडदा यांच्या मध्ये आली की तिची अख्खी सावली पडद्यावर! बाहेर उभं राहून एकीने हाक मारली नसती तर कळलंच नसतं. दिवा पडद्याच्याच कडेला, वर, आत प्रकाश पडेल असा बांधला. सावली मागे केबिनच्या पत्र्यावर गेली. तुम्ही राहुटीत दिवा लावता तेव्हाही एकदा बाहेर येऊन बघा. दिवा चार्जिंगचा पुरतो. ट्रकच्या बॅटरीवर रात्रभर दिवे लावले की पहाटे ट्रक ढकलायला सगळी दिंडी लागते.

गॅसचा विषय चेष्टेचा नाही. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड. गळाला तर वर न जाता तळाशी साचतो, आणि हौदा म्हणजे तर खोल पातेलंच. म्हणून सिलिंडर मागच्या फाळक्याशी, उभा, दोराने बांधलेला. मुक्कामावर पोहोचल्यावर सगळ्यात आधी तो खाली, ट्रकपासून लांब. चहासुद्धा ट्रकात करायचा नाही, पाऊस असला तरी. पाण्याचंही वजन ध्यानात ठेवा. दोनशे लिटरचा पिंप म्हणजे दोनशे किलो. तो मधोमध, तळाशी आणि घट्ट बांधलेला हवा.

आणि ट्रक चालू असताना खोलीत कुणीही बसायचं नाही. मालवाहू गाडीत माणसं बसवणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचेही वांधे होतात. पाय सुजलेल्या आजींसाठी वेगळी जीप किंवा एसटीच. खोली फक्त मुक्कामाची. चालकदादांनाही हे आधीच सांगून ठेवावं, कारण "ताई, दोनच मैल" म्हणत कुणीतरी चढतंच.

संडास ट्रकात करायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांवर २०१५ पासून निर्मल वारीतून फिरती शौचालयं उभी राहू लागली, २०२२ मध्ये राज्य महिला आयोगाने आरोग्य वारी सुरू केली. पण सगळ्याच वाटांवर, सगळ्याच मुक्कामांवर सारखी सोय नसते. आमच्या सहा जणींनी खुर्चीचा कमोड आणि त्याभोवती अँगलचाच एक उभा आडोसा केला, ट्रकाशेजारी उभा राहणारा. आजी आता दुपारी पाणी पितात. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपाचं मोल तेवढ्यात वसूल झालं.

पैशांचं म्हणाल तर, राज्याच्या २०२४ च्या अर्थसंकल्पात मुख्य पालख्यांमधल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले होते. तुमच्या दिंडीला असं काही अनुदान मिळत असेल तर हिशेबाच्या बैठकीला जाऊन बसा आणि खोलीचा खर्च यादीत आधी लिहायला लावा. मंडप आणि ध्वनिक्षेपक आपसूक लिहिले जातात.

आषाढी झाली की दोन तासांत सगळं सुटं होतं. सोडण्याआधी प्रत्येक अँगलवर आणि फळीवर रंगाने आकडे घाला, डावी बाजू एका रंगाने, उजवी दुसऱ्या. फळ्या उन्हात वाळवूनच माळ्यावर टाका, ओल्या रचल्या तर बुरशी धरते. नटबोल्ट बरणीत घाला आणि पाना त्याच बरणीला सुतळीने बांधून ठेवा. घरात कुणीतरी तो नळ दुरुस्तीला नेतं आणि पुढच्या जेठात शोधाशोध होते.