रिपोर्टमधील ‘इरोजन’ म्हणजे नेमके काय?

एंडोस्कोपीचा, एक्स-रेचा किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीचा कागद हातात पडतो आणि त्यात ‘इरोजन’ हा शब्द दिसतो. असा कागद घेऊन आलेल्या रुग्णांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, “डॉक्टर, हा कॅन्सर तर नाही ना?” शब्दाचा अर्थ कळला की बरीचशी भीती कमी होते. मात्र शरीराच्या प्रत्येक भागात त्याचा अर्थ सारखा नसतो.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘रोडेरे’ म्हणजे कुरतडणे. त्यावरून ‘एरोडेरे’ म्हणजे कुरतडून झिजवणे. उंदरांच्या वर्गाला इंग्रजीत ‘रोडंट’ म्हणतात, तो शब्दही याच धातूवरून आला. १५४१ मधील एका इंग्रजी शस्त्रक्रियाविषयक ग्रंथात ‘इरोजन’ तोंडातील व्रणांसाठी वापरलेला आढळतो. म्हणजे भूगोलातील जमिनीची धूप हा अर्थ नंतरचा. आधी हा शब्द वैद्यकातलाच.

जठरातील इरोजन

जठराच्या अस्तराचा फक्त वरचा थर खरवडल्यासारखा झाला, तर ते इरोजन. जखम त्याखाली खोल गेली, तर तो अल्सर. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, ॲस्पिरिन, दारू आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ही नेहमीची कारणे आहेत. कारण दूर केले आणि आम्ल कमी करणारी औषधे नीट घेतली, तर अस्तर सहसा पुन्हा भरून येते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

डांबरासारखी काळी शौचास झाली, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर वाट न पाहता रुग्णालयात जा.

गर्भाशयमुखाचे इरोजन

“पिशवीच्या तोंडाला जखम आहे,” असे अनेक महिलांना सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तिथे जखम नसते आणि काही कुरतडलेलेही नसते. गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक, लाल पेशी बाहेरच्या बाजूला आलेल्या असतात. तरुण वयात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे होऊ शकते. म्हणूनच आता ‘एक्ट्रोपियन’ हा शब्द योग्य मानला जातो. हा कॅन्सर नव्हे. त्रास नसेल, तर उपचारांची गरज नसते. पण संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल, तर तपासणी आवश्यक आहे. वयानुसार पॅप टेस्टही करून घ्या. केवळ या एका शब्दावरून गर्भाशय काढण्याचा निर्णय मात्र घेऊ नका. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत जरूर घ्या.

दात आणि हाडे

इथे शब्द शब्दशः खरा ठरतो. शीतपेये, लिंबू-सोडा किंवा वारंवार घशाशी येणारे आम्ल यांमुळे दाताचे एनॅमल विरघळते आणि गेलेले एनॅमल परत येत नाही. आंबट खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश करू नका, किमान अर्धा तास थांबा.

आमवातात (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) सांध्यातील सूज हाडाची कड कुरतडते. एक्स-रेमध्ये दिसणारी ही झीज सहसा भरून निघत नाही. त्यामुळे सकाळी बोटे बराच वेळ आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर केवळ वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नका. आजार आटोक्यात ठेवणारी औषधे लवकर सुरू केली, तर पुढची झीज बऱ्याच अंशी टाळता येते.

डॉक्टरांना हे विचारा

• इरोजन नेमके कुठे आहे आणि किती खोल आहे?
• कशामुळे झाले असावे?
• ते भरून येईल, की आहे तिथेच थांबवायचे आहे?
• पुन्हा तपासणी कधी करायची?

या चार उत्तरांशिवाय रिपोर्टमधील नुसत्या शब्दावरून घाबरू नका आणि तो दुर्लक्षूनही टाकू नका.